९९०० एमएएचचा सेल आणि सव्वा तासाचा उजेड

देवगडकर: पावसात आमच्याकडे लाइट गेली की कधी येईल ते देवच जाणे. म्हणून राउटरसाठी ऑनलाइन मागवलेल्या चार '१८६५०' सेलची (रिचार्ज होणारे गोल लिथियम सेल) बॅटरी बांधली. प्रत्येकावर छापलंय ९९०० एमएएच, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता. सव्वा तासात राउटर गप्प! माझ्या जोडणीतच घोळ आहे का?

वेंगुर्ल्याचा वायरमन: जोडणी राहू दे, आधी सेल काट्यावर ठेव. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो; फार हलका असेल तर आत माल कमी. १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब डबी ती. नामांकित कंपन्याही तिच्यात ३५०० च्या आसपासच बसवतात. ९९०० म्हणजे पायलीत खंडीभर भात.

देवगडकर: सोनाराकडे मोजले. २९, २८, २९, ३१. तो हसत होता, सोनं समजून आणलंस काय म्हणून.

रत्नागिरी ४१५: मलाही असेच मिळालेले. रंगीत वेष्टणाच्या कडेला जुन्या स्पॉट वेल्डिंगचे (सेलला पट्टी चिकटवायच्या डागणीचे) ठिपके दिसत होते, म्हणजे कुठल्यातरी लॅपटॉपमधून काढलेले. चार्जिंगला लावून झोपू नकोस. परत पाठव.

देवगडकर: मुदत गेली हो. आंब्याच्या घाईत खोकं महिनाभर फोडलंच नव्हतं.