शब्दचर्चा: थरारपटातल्या ‘अफेअर’ आणि ‘ऑब्सेशन’ला मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न, मालवणहून

टीव्हीसाठी बनवलेल्या इंग्रजी थरारपटांची मराठी सबटायटल्स मी लिहिते. या सिनेमांची गोष्ट बहुतेक एकाच वळणाची असते. सुखवस्तू घर असतं, नवरा किंवा बायको एकदा पाय घसरून पडते, आणि मग ती तिसरी व्यक्ती काही केल्या निघून जात नाही. कधी ती शेजारीण असते, कधी मुलं सांभाळणारी बाई, कधी ऑफिसातला साहेब. १९८७ सालचा ‘फेटल अट्रॅक्शन’ थिएटरसाठी होता, पण त्याचा साचा टीव्हीने उचलला आणि मनसोक्त वापरला. अमेरिकेत १९८४ साली सुरू झालेल्या लाइफटाइम वाहिनीचं नाव घेतलं की लोकांना आजही हाच प्रकार आठवतो. दर जाहिरातीच्या आधी एक धक्का लागतो, आणि तो बहुधा एखाद्या छोट्या वाक्यातच असतो. ते वाक्य दोन सेकंद पडद्यावर राहणार, त्यामुळे शब्द चुकला की धक्काच गेला.

मी तीन शब्दांशी अडले आहे: ‘अफेअर’, ‘चीटिंग’ आणि ‘ऑब्सेशन’.

‘लफडं’ लिहिलं तर प्रेक्षक हसतो. ‘विवाहबाह्य संबंध’ हा बातमीदाराचा शब्द आहे; ओट्यापाशी उभी राहून भांडणारी बायको नवऱ्याला कधीच म्हणणार नाही, ‘तू विवाहबाह्य संबंध ठेवलेस.’ ‘व्यभिचार’ लिहिला की कोणीतरी न्यायाधीशाच्या खुर्चीवरून बोलतंय असं वाटतं.

‘ऑब्सेशन’ तर फारच कठीण. ‘ध्यास’ हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द आहे, चांगल्या कामाचा ध्यास घेतात. ‘वेड’ प्रेमाचं, ‘वेड लावलंस’ ही तक्रार नव्हे, लाडीगोडी. म्हणजे पडद्यावर एक बाई जीव मुठीत धरून दाराला कडी लावते आहे आणि खाली माझं सबटायटल प्रेमगीतासारखं वाचलं जातंय. मला हे मनापासून खटकतं. जाणकारांनी मदत करावी.

रत्नागिरीहून

ताई, ‘व्यभिचार’ इतक्या लवकर टाकून देऊ नका. मी संस्कृत शिकवलं आहे म्हणून सांगतो. वि, अभि आणि चर् मिळून झालेल्या या शब्दाचा गाभा ‘ठरलेली वाट सोडून जाणं’ एवढाच आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, दिलेलं कारण (हेतू) सिद्ध करायच्या गोष्टीला (साध्याला) धरून राहत नसेल तर त्याला ‘सव्यभिचार’ म्हणतात, तिथे नवराबायकोचा काही संबंध नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात तर ३३ व्यभिचारी भाव आहेत, जे मनात येतात, फिरतात आणि जातात. त्यांची यादी वाचा: शंका, असूया, चिंता, आवेग, त्रास, उन्माद, मरण. तुम्ही सांगता त्या सिनेमाची पटकथाच या नावांवर उभी राहील.

माझं मत: ‘ऑब्सेशन’ला ‘उन्माद’ घ्या. शब्द तयार आहे, नवा घडवायची गरज नाही. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात आमच्या रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीची त्यांची चळवळ इथूनच चालली, तेव्हा शब्द घडवण्याचं या गावाला वावडं नाही. पण असलेला शब्द चालत असेल तर तोच चालवावा.

मालवणहून

सर, भावांची यादी फार उपयोगी पडली. शंका आणि असूया हे दोन शब्द मी आता बिनधास्त वापरेन. ‘उन्माद’ मात्र पटत नाही, आणि त्याला कारण नाट्यशास्त्रातलंच आहे. कारण नसताना हसणं, रडणं, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. माझ्या सिनेमातली बाई यातलं काही करत नाही. ती नीटनेटकी असते, हसून बोलते, वाढदिवसाला केक घेऊन येते, मुलाच्या शाळेची वेळ तिला पाठ असते. तिची भीती वाटते ती तिच्या शांतपणाची. ‘उन्माद’ लिहिला की प्रेक्षक आरडाओरड्याची वाट बघत बसेल.

वेंगुर्ल्याहून

आमच्याकडून थोडं. इथे अशा माणसाबद्दल तीन तऱ्हेने बोलतात आणि तिन्हींत फरक आहे.

‘तो तिच्यासाठी खुळो झालो’ यात राग नाही, असलीच तर कीव आहे. पलीकडे गोव्यात ‘पिसो’ म्हणतात. संतांच्या अभंगातलं ‘पिसे’ ते हेच. दुसरं, ‘ती दुसऱ्याच्या नादाक लागली.’ इथे दोष अर्धा तिचा आणि अर्धा त्या दुसऱ्याचा. तिसरं, ‘तो तिच्या फाटी लागलो.’ यात मात्र सगळा दोष लागणाऱ्याचा, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की तिला ते नको आहे.

आता सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘झपाटणे’. कुणी सुचवायच्या आधीच माझा विरोध नोंदवतो. झपाटतं ते भूत, आणि झपाटला जातो तो बिचारा माणूस. आमच्या भागात कुणाला बाधा झाली म्हटलं की देवाला गाऱ्हाणं घालतात, त्या माणसाला कोणी जाब विचारत नाही, कारण तो स्वतःच्या ताब्यात नाही असं धरून चाललेलं असतं. तोच शब्द दुसऱ्याच्या घराच्या किल्ल्या चोरून बनवणाऱ्या माणसाला लावला तर त्याला आयती माफी मिळते. ‘झपाटला होता हो’ म्हटलं की विषय संपला. ज्याने सगळं ठरवून केलंय त्याला हा शब्द देऊ नये.

झी मराठीवरच्या ‘रात्रीस खेळ चाले’चं उदाहरण घ्या. पहिला भाग २०१६ साली आला, दुसरा २०१९ साली. दुसऱ्या भागात अण्णा नाईक आणि शेवंता यांचं प्रकरण आलं. बाहेरख्याली नवरा, घरात सोसणारी माई आणि वर भुताटकी, हे सगळं आमच्याच मातीत. मालिकेत भूत होतं म्हणून लोक भुताबद्दल बोलले. पण अण्णांनी जे केलं ते जिवंतपणी, शुद्धीत आणि मर्जीने केलं. तिथे ‘झपाटणे’ शेवंतेच्या बाजूने खरं असेल, अण्णांच्या बाजूने नाही. माझ्यासाठी मालिकेतली सगळ्यात भीतीदायक गोष्ट माईचं गप्प राहणं ही होती, आणि तिच्याबद्दल बोलायला आपल्याकडे ‘सोसणे’ याखेरीज शब्दच नाही.

दशावतारात, बघा, खलपुरुषाला मोकळं सोडत नाहीत. लिहिलेली संहिता नसते, नट उभ्या उभ्या संवाद रचतात, पण परस्त्रीच्या मागे लागलेल्या राजाला ‘कामांध’, ‘लंपट’ असं तोंडावर सुनावतात. रात्री दोन वाजता पेंगणारं पोरही जागं होतं. ‘लंपट’ आज जुना वाटतो, पण त्यात माफी नाही.

देवगडहून

वेंगुर्ल्याच्या दादांनी ‘बाहेरख्याली’ सहज वापरला, त्यावर बोलते. हा शब्द पुरुषालाच लावतात आणि त्यात ‘ख्याल’ आहे, म्हणजे जणू त्याचा तो एक शौक. ‘रंगेल’ तसाच. नवऱ्याने ठेवलेल्या बाईला ‘अंगवस्त्र’ म्हणायचे, म्हणजे खांद्यावरचं उपरणं! बाईने तेच केलं तर तिच्यासाठी जे शब्द आहेत ते मी इथे लिहिणारही नाही, सगळ्यांना माहीत आहेत. ताई, तुमच्या सिनेमात नवरा चुकला काय आणि बायको चुकली काय, शब्द एकच ठेवा. एवढी एकच विनंती.

‘भानगड’ मला चालेल. ती कुणाचीही असू शकते.

कुडाळहून

मी वकिली करतो, म्हणून कायद्याच्या बाजूने सांगतो. त्यातून शब्दांचा निकाल बराचसा लागतो असं मला वाटतं.

१८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४९७ काय म्हणत होतं? परक्या पुरुषाच्या बायकोशी, त्या पुरुषाच्या संमतीवाचून, संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. बायको गुन्हेगार नाही, साथीदार म्हणूनही नाही. आणि असा संबंध ठेवणाऱ्या पुरुषाच्या स्वतःच्या बायकोला तक्रार करण्याचा हक्कच नव्हता. म्हणजे कायद्यातला व्यभिचार हा बायकोचा विश्वास मोडल्याचा गुन्हा नव्हताच. एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाच्या मालकीत शिरल्याचा होता. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरवलं. घटस्फोटाचं कारण म्हणून ही गोष्ट अजून उभी आहे, पण गुन्हा म्हणून गेली. सरांचा संस्कृत अर्थ सुंदर आहे, मात्र आजच्या वाचकाच्या कानात ‘व्यभिचार’ हा शब्द त्या कलमाचा वास घेऊनच येतो. मालवणच्या ताईंना तो न्यायाधीशासारखा वाटला ते बरोबरच आहे.

दुसरी गोष्ट ‘ऑब्सेशन’ची. २०१३ साली कलम ३५४-ड आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणं, संपर्क साधत राहणं, इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवणं, हा गुन्हा. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. कायदा त्या माणसाच्या मनात काय होतं ते विचारत नाही. प्रेम होतं का, वेड होतं का, झपाटला होता का, काही नाही. नको म्हटलं होतं, तरी गेलास का? एवढंच. म्हणून वर्तमानपत्रं ‘एकतर्फी प्रेमातून’ असं लिहितात तेव्हा मला संताप येतो. चाकू घेऊन दारात उभा राहिलेल्याचं एकतर्फी प्रेम कसलं?

एक लक्षात घ्या, हे कलम पुरुषाने बाईचा पाठलाग करण्यापुरतंच आहे. तुमच्या सिनेमातली केकवाली बाई आपल्याकडे या कलमाखाली येणार नाही, तिच्यासाठी दुसरी कलमं शोधावी लागतील. सबटायटलमध्ये पोलीस कलमाचा आकडा सांगत असतील तर तो अमेरिकेतलाच राहू द्या.

मालवणहून

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचता वाचता एक गोष्ट स्पष्ट झाली: मी नामं शोधत होते, आणि मराठी माणूस हे सगळं क्रियापदांनी बोलतो. भांडणात कुणी संबंधाचं नाव घेत नाही. ‘तुझं तिच्याशी काय आहे?’ ‘कधीपासून चाललंय?’ ‘तू मला फसवलंस.’ अफेअर आणि चीटिंग, दोन्हींचं काम झालं. शिवाय देवगडच्या ताईंची अटही पाळली गेली, कारण ‘फसवणं’ बाईपुरुष बघत नाही. ‘प्रतारणा’ पत्रात किंवा वकिलाच्या तोंडी ठेवेन.

‘ऑब्सेशन’साठी वेंगुर्ल्याचा ‘फाटी लागलो’ मी प्रमाण मराठीत आणते आहे: ‘ती माझ्या मागे लागली आहे’, आणि गोष्ट पुढे गेली की ‘ती पिच्छा सोडत नाही’. ‘पिच्छा’मध्ये पाठलाग आहे, छळ आहे, आणि मनाची बाजू घेणारं काही नाही. त्या बाईच्या स्वतःच्या तोंडी मात्र वेगळं लागेल, कारण तिच्या मते ती कुणाला छळत नाही. तिथे मी एवढंच लिहिलं आहे: ‘मला तो हवाच आहे.’

सिनेमाच्या मराठी नावासाठी वाहिनीला ‘पिच्छा’ सुचवते आहे. त्यांना ‘जीवघेणं प्रेम’ हवं आहे. कुडाळच्या दादांचं म्हणणं त्यांना जसंच्या तसं पाठवलं तर चालेल का?

कुडाळहून

खुशाल पाठवा. एकतर्फी प्रेमाचं वाक्य गाळू नका.

रत्नागिरीहून

‘पिच्छा’ला माझी संमती. आणि ‘हवाच’मधला ‘च’ जागा वाचवण्यासाठी कुणी कापू लागलं तर हात धरा. तिची सगळी भीती त्या एका अक्षरात आहे.