इतिहासाच्या पदवीसाठी राहतं घर तारण ठेवायचं का?

बांदोड्याची आई
मुलीला गोव्याबाहेरच्या एका खासगी विद्यापीठात इतिहासाच्या चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळालाय. फी, हॉस्टेल, मेस धरून वर्षाला ५ लाख. बँक २० लाख द्यायला तयार आहे, पण साडेसात लाखांच्या वर तारण मागते, आणि आमच्याकडे तारण म्हणजे राहतं घर. त्याच्या एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, अजून सासऱ्यांचंच नाव आहे, इन्व्हेंटरी (वारसांतली कायदेशीर वाटणी) झालेली नाही.

बायची, म्हणजे मुलीची, ही आवड वरवरची नाही. सासऱ्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत पोर्तुगीज स्टँपपेपरांचा गठ्ठा आहे. सातवीत असल्यापासून ती तो काढून बसते, अक्षरांवरून बोट फिरवत एकेक नाव लावते. आजेसासूबाईंचं नाव तिनेच शोधून काढलं, आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. तिला नाही म्हणवत नाही, आणि सहीही करवत नाही.

म्हापशाचा बँकवाला
ताई, २६ वर्षं कर्ज विभागात होतो, म्हणून आकडेच मांडतो. २० लाख, साडेदहा टक्के, १५ वर्षं: हप्ता साधारण २२ हजार. काउंटरवर हाच आकडा सांगतात. पण शिकत असताना आणि पुढचं एक वर्ष व्याज चालूच असतं. दरवर्षी ५ लाख उचलले आणि मधे व्याज भरलं नाही, तर हप्ते सुरू होईपर्यंत सव्वासात लाखांच्या वर व्याज चढतं. ते मुद्दलात मिळालं की हप्ता ३० हजारांवर जातो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची ८०-ई ची करवजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, तीही कर लागण्याएवढं उत्पन्न असेल तर.

इतिहासात बीए झालेल्या मुलीला पहिल्या वर्षी ३० हजार हप्ता भरून वर पोट भरेल असा पगार कोण देणार? शाळेत जायचं तर वर बीएड. हप्ते थकले की नोटीस घरावर येते. अशा नोटिसा मी स्वतः काढल्यात. नका करू सही.

एक मात्र बघा. २०२४ च्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत ते विद्यापीठ असेल तर तारण लागत नाही. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतही आहे. तरी मुद्दल फेडायचंच आहे.

सत्तरी तालुक्याची लेक
दादा, तुमचं गणित बरोबर आहे, पण तुम्ही पहिल्या पगाराशीच थांबलात. मी इतिहासात एमए. पहिली दोन वर्षं हातात काही नव्हतं. त्यातच पणजीत पोर्तुगीजचे वर्ग केले आणि पुराभिलेखागारात जाऊन जुनी अक्षरं वाचायला बसले. आज वकील आणि घरवाले माझ्याकडे जुनी एस्क्रितूरं, म्हणजे पोर्तुगीजातली खतं, घेऊन येतात. गेल्या महिन्यात एक विक्रीखत आलं होतं. जमिनीची हद्द ‘ओहोळाकाठच्या रानफणसापर्यंत’. फणस कधीच पडलाय, पण शेजारच्या खतात तोच फणस सापडला आणि दोन भावांचा वाद मिटला. गोव्यात जमिनीचा प्रश्न निघाला की कागद पोर्तुगीजात निघतो, आणि तो वाचणारी पिढी संपत चाललीय.

ताई, तुमची मुलगी जे ट्रंकेपाशी बसून करते, त्यालाच हे काम म्हणतात.

म्हापशाचा बँकवाला
बाय, तुझं कौतुकच आहे. पण तुला पैसा दिला तो पोर्तुगीजने आणि तुझ्या चिकाटीने. आणि हे सगळं तू गोव्यात राहून केलंस. यातलं २० लाखांचं काय होतं?

मडगावचा मास्तर
मी कॉलेजात इतिहास शिकवतो. सात वर्षं लेक्चर बेसिसवर होतो. मे महिन्यात पगार नाही, जूनमध्ये पुन्हा अर्ज. म्हणून ‘आवड आहे ना, मग पैसा आपोआप येतो’ असं मी कुठल्याही विद्यार्थ्याला सांगत नाही.

पण विषय सोड असंही सांगत नाही. गोव्याच्या इतिहासाचं बरंच मूळ साहित्य पणजीतच आहे. लिस्बनहून पावसाळी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांतून आलेल्या पत्रव्यवहाराची दप्तरं, गावकारीच्या (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) वह्या, मोडीतले कागद. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे, आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांवरचं त्यांचं काम याच दप्तरांतून उभं राहिलं. बीए इथे कमी फीत करा, सोबत पोर्तुगीज आणि मोडी शिका, मग एमए आणि नेट परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार, म्हणजे शिकण्याचेच पैसे. कर्ज काढायचंच तर पुढे, जे इथे मिळतच नाही त्यासाठी काढा.

चोडणकार
सर, पटत नाही. मी इथेच बीए केलं. वर्गात नऊजणी, त्यातल्या सहाजणी दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेल्या. वर्षभर नोट्स उतरवल्या. वाद घालायला कुणी नव्हतं, एका पुस्तकावर भांडायला कुणी नव्हतं. नंतर दिल्लीत एमएला गेले तेव्हा पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडलं नाही. पिसुर्लेकर दर गावात जन्मत नाहीत. सतरा-अठराव्या वर्षी चांगला शिक्षक आणि तोडीस तोड मुलं भेटणं, याचा हप्ता काढता येत नाही.

फक्त बाहेर म्हणजे खासगीच असं नाही. सीयूईटी ही प्रवेश परीक्षा देऊन केंद्रीय विद्यापीठात गेली तर फी इतकी कमी असते की मुख्य खर्च राहण्याखाण्याचा. यंदा हुकलं असेल तर एक वर्ष थांबू द्या. त्या वर्षात पोर्तुगीजही होईल.

आणि ताई, राग मानू नका. मुलगा असता आणि इंजिनीअरिंग असतं, तर हा प्रश्न तुम्ही विचारला असता का?

बांदोड्याची आई
राग नाही. थोरल्याच्या इंजिनीअरिंगला सात लाखांचं कर्ज काढलं तेव्हा एका दुपारीत सह्या झाल्या. त्याला नोकरी कधी, किती पगाराची, कुणी विचारलं नाही. दीड वर्ष तो घरी होता, हप्ते ह्यांच्या पगारातून गेले. बायने परवा नेमकं हेच विचारलं, ‘दादाच्या वेळी हिशोबाची वही काढली होती का?’ मला उत्तर देता आलं नाही.

घर तारण ठेवायचं नाही हे मात्र आता माझं ठरलंय. ते माझ्या एकटीचं नाही, दोन दीर आणि एक नणंद यांचाही त्यात वाटा आहे. तीस हजारांचा आकडा मी तिला दाखवला. तिने स्वतः कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिला आणि खोलीत गेली. वर्षभर थांबून सीयूईटी द्यायला ती अजून हो म्हणालेली नाही. सत्तरीच्या ताई, तुम्ही पुराभिलेखागारात कुठल्या वारी असता? सोमवारी तिला घेऊन पणजीला यायचं म्हणते. ट्रंकेतला एक कागद तिला सबंध वाचून हवाय.