१९४४ च्या नौदल वैमानिकाच्या लाइफ जॅकेटवर कोणता दिवा लावावा?

पंचवटीकर:
नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या शाळेच्या प्रदर्शनासाठी १९४४ चा, पॅसिफिकमधला अमेरिकन नौदलाच्या हेलकॅट लढाऊ विमानाचा वैमानिक उभा करायचा आहे. पुतळा आणि पिवळं लाइफ जॅकेट तयार आहे. ‘महायुद्धातला पायलटचा दिवा’ म्हणून दोन वस्तू विकायला आल्या आहेत. पहिली चपटी प्लॅस्टिकची डबी, वर पारदर्शक घुमट, चालू केली की लख्ख उघडझाप होते. मागे ६२३०-००-०६७-५२०९ हा आकडा. दुसरी एका मोठ्या सेलची विजेरी, पारदर्शक टोपण, मागे सेफ्टी पिन. आतला सेल फुगून अडकलाय. कोणती घ्यावी? दिवा पेटता ठेवायचा आहे.

ओझर_मॉडेलर:
पहिली सोडा. तो एसडीयू-५/ई, झेनॉन नळीचा स्ट्रोब (उघडझाप करणारा दिवा), व्हिएतनामच्या काळातला. आकार बघण्याआधी आकडा वाचा. तुम्ही दिलेला १३ अंकी क्रमांक हा लष्करी साठ्याचा क्रमांक, १९७४ नंतरच्या पद्धतीचा आहे, मधले ‘००’ ही त्याची खूण. त्याआधी ११ अंकी क्रमांक असे, पण तोही पन्नाशीच्या दशकात आला. सुरुवातीचे ६२३० म्हणजे हातातल्या विजेऱ्यांचा वर्ग. यातला कुठलाही क्रमांक दिसला की ती वस्तू महायुद्धातली नाही. लेबलवर ‘डीएसए’ने (अमेरिकन संरक्षण पुरवठा संस्था) सुरू होणारा कंत्राट क्रमांक असेल तर १९६२ च्या आसपासची किंवा नंतरची. पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकन पिनकोड) असेल तर १९६३ नंतरची.

दुसरीवर ‘यूएसएन’ (अमेरिकन नौदल) किंवा ‘एनएक्सएस’ने सुरू होणारा कंत्राट क्रमांक शोधा. ती अक्षरं साच्यातच उठलेली असली तर चांगलं, चिकटवलेल्या लेबलवर फार भिस्त नको. फिलिप्स (चौफुली खाचेचा) स्क्रू दिसला म्हणून वस्तू नाकारू नका. तो स्क्रू तिशीच्या दशकातला आहे आणि युद्धकाळातल्या विमानांत सर्रास होता. ही चूक फार जण करतात.

भांडीबाजार_दुरुस्ती:
अडकलेला सेल पकडीने ओढू नका, जुनं प्लॅस्टिक उभं तडकतं. कडेने पाण्याचे चार-पाच थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, म्हणजे मिठासारखा थर विरघळतो. मग सेलच्या बुडात लाकडाचा बारीक स्क्रू फिरवून घट्ट बसवा आणि हळूहळू पिळत ओढा.

जुना झिंक-कार्बन सेल गळला की तो आम्लधर्मी असतो, म्हणून खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट लावा. अल्कलाइन सेल गळला असेल तर उलट, व्हिनेगर. कळकलेली पितळी पट्टी काचतंतूच्या ब्रशने घासा, पॉलिश पेपरने नको, पितळ झिजतं. पट्टी तुटलीच असेल तर भांडी बाजारातल्या कारागिराकडून ०.४ मिमी पत्र्याची कापून घ्या. थिनर आणि ॲसिटोन मात्र जवळसुद्धा आणू नका. त्या काळचं सेल्युलोज ॲसिटेट त्यात विरघळतं. प्लॅस्टिकला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते कुजायला लागलंय. असा दिवा बंद डबीत ठेवू नका, त्याच्या वाफेने शेजारचं पितळही खराब होतं.

पेटता ठेवायचा तर १.५ व्होल्टचा साधा बल्ब. दोन सेलच्या विजेरीचा पीआर-२ बल्ब २.३८ व्होल्टचा असतो, एका सेलवर मंद लालसर जळतो. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, त्यामुळे एका सेलवर तो लागतच नाही. शिवाय निळसर उजेडाने सगळा काळच मोडतो. संध्याकाळी सेल काढून ३४ मिमी जाड, ६१ मिमी लांब लाकडी दांडा घाला. पुन्हा गळायचा प्रश्न नको.

पंचवटीकर:
मनापासून आभार. साच्यात ‘यूएसएन’ उठलेलं सापडलं. जॅकेटवर एएन६५१९-१ हा मॉडेल क्रमांक छापलंय. पिन कुठे टोचू?

ओझर_मॉडेलर:
पट्ट्यात. छातीच्या फुगणाऱ्या भागात अजिबात नको. आत रबरी कापडाच्या पिशव्या आहेत, एक भोक पडलं की तो कप्पा हवा धरत नाही. पाण्यात तरंगताना दिवा वर राहील असा, खांद्याजवळ लावा. जॅकेट फुगवणारी गॅसची नळकांडी भरलेली असतील तर पुतळ्यावर चढवण्याआधी काढून घ्या, मुलांनी दोरी ओढली तर जॅकेट फुगेल.

आणि कुणी ब्रिटिश फ्लीट एअर आर्मचा (ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलाचा) वैमानिक करणार असेल तर हा दिवा चालणार नाही. जानेवारी १९४५ मध्ये सुमात्रा बेटावरच्या पालेमबांगवर हल्ल्याला गेलेली त्यांची कॉर्सेअर आणि अ‍ॅव्हेंजर विमानं अमेरिकन होती, पण वैमानिकाच्या अंगावरचं सामान ब्रिटिश. तिथे वस्तूवर रुंद बाण किंवा मुकुटाखाली ‘एएम’ (ब्रिटिश हवाई मंत्रालय) शोधा.