बाइकचे आरसे थरथरतात, कोणते नवीन घेऊ?

घाईत_आहे:
आरशात मागचं काही म्हणजे काही कळत नाही. ट्रक असो की स्कूटर, नुसता राखाडी डाग. दांडीच्या बुडाचे चेकनट आवळून झाले, फरक शून्य. आता आरसेच बदलतो. कोणते घेऊ? प्रवचन नको, नाव सांगा.

आटेबाज:
बाइक कोणती? किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना? दोन्ही आरसे की एकच? माप न देता शिंप्याकडे सदरा मागताय.

बारएंडप्रेमी:
सरळ बार-एंड, म्हणजे हँडलच्या टोकाला बसणारे आरसे लावा. स्वतःचं कोपर दिसत नाही, मागचा रस्ता पूर्ण दिसतो. विषय संपला.

आटेबाज:
संपला कसा? ते बसवायला हँडलच्या टोकाची वजनं काढावी लागतात, आणि थरथर आवरायचं काम तीच करतात. शिवाय हँडल बाहेरून २२ मिमी असलं तरी आतून १४ ते १८ मध्ये काहीही असू शकतं. व्हर्नियरने मोजल्याशिवाय घेऊ नये. काही हँडलांत आत आट्यांचा तुकडा वेल्ड केलेला असतो, तिथे आरसा आतून धरून ठेवणारं पाचरीचं रबर शिरतच नाही.

घाईत_आहे:
सिंगल सिलिंडर. दोन्ही. ८० ला सुरू होतं. आधी होत नव्हतं.

शांत_गियर:
वेग एकट्याने काही सांगत नाही. मोकळ्या रस्त्यावर तोच वेग ठेवून एक गियर बदला. डाग कमी-जास्त झाला तर इंजिनाची थरथर, तसाच राहिला तर चाक किंवा टायर बघा. मग गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस वाढवा आणि डाग दिसू लागला की आरशाची दांडी बोटाने धरा. चित्र स्थिरावलं तर दांडी डोलतेय. नाही स्थिरावलं तर काच कडेला दाबून बघा, खडखडली तर कवचात सैल आहे. आणि 'आधी' म्हणजे कधी? मध्ये काय बदललंत?

स्वच्छकाच:
पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, मऊ फडक्याने पुसा. डाग जातात.

आटेबाज:
अहो, आरसा थरथरतोय!

स्वच्छकाच:
'डाग' वाचलं म्हणून लिहिलं.

घाईत_आहे:
फक्त ग्रिप बदलले. त्याचा काय संबंध?

शांत_गियर:
टोकाची वजनं परत लावली का?

घाईत_आहे:
नव्या ग्रिपची टोकं बंद आहेत. वजनं डब्यात पडलीत.

शांत_गियर:
मग रोग सापडला. ग्रिपचं टोक ब्लेडने गोल कापा, वजनं बसवा, स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून त्यांना निळं थ्रेडलॉक (आट्यांचा गोंद) लावा. अ‍ॅक्सिलरेटरच्या बाजूला ग्रिप आणि वजनात १-२ मिमी फट हवीच. ग्रिप वजनाला घासला तर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर परत येत नाही, आणि ते थरथरीपेक्षा फार वाईट. हात घातलाच आहे तर हँडल क्लँपचे आणि इंजिन माउंटचे बोल्टही मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) तपासा.

वजनदार:
एवढं कशाला? जड आरसे घ्या, थरथर मरते.

शांत_गियर:
मरत नाही, दुसऱ्या आरपीएमवर सरकते. आरसा ज्या कंपनसंख्येला जोरात थरथरतो ती निम्मी करायला वजन चौपट लागतं. दुप्पट केलंत तर जेमतेम ३० टक्के उतरते, म्हणजे ५५०० आरपीएमला होणारी गडबड ३९०० च्या आसपास येईल, जिथे रोज गाडी चालते. वर आरसा वळवायचा गोळीचा सांधा त्या वजनाने खाली लोंबतो. दांडी २० टक्के आखूड केली तर कडकपणा जवळपास दुप्पट होतो आणि कंपनसंख्या सुमारे ४० टक्के वर जाते.

वजनदार:
आणि आरशात स्वतःचा खांदा दिसतो.

शांत_गियर:
तेवढं मान्य.

घाईत_आहे:
वजनं लावली. ८० ला आता नंबरप्लेट वाचता येते. १०० च्या पुढे किंचित थरथरतं, चालेल. पण उजव्या आरशाची गोळी ढिली आहे, तो बदलायचाय. निघतच नाही, पाना घसरतोय.

आटेबाज:
थांबा, जोर लावू नका! बाइक कोणती, हे अजून सांगितलं नाहीत. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या आरशाला उलटे आटे असतात. समोरून धक्का बसला तर आरसा मोडण्याऐवजी फिरून सैल व्हावा म्हणून. तसे असतील तर घड्याळाच्या दिशेने फिरवा. नवा घेताना १० मिमी, १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये) आणि 'उजवा, उलटे आटे' असं स्पष्ट सांगा, नाहीतर अडॅप्टर लागेल. काही गाड्यांना ८ मिमी असतं, तेव्हा जुना सोबत न्या.

घाईत_आहे:
यामाहाच. उलटा फिरवला, दोन बोटांनी निघाला. बरं, आता कोणते घेऊ?

बारएंडप्रेमी:
बार-एंड.