नाताळच्या धांदलीत ख्रिस्तजन्म मध्यभागी कसा ठेवता? तुमचे अनुभव लिहा

डिसेंबर उजाडला की आमच्या घरी भिंतीवर तीन याद्या लागतात: फराळाची, कपड्यांची आणि भेटीगाठींची. मागच्या वर्षी २४ तारखेच्या रात्री तिन्ही याद्यांवर खुणा झालेल्या होत्या. मात्र उपासनेत बसल्यावर लक्षात आले की संपूर्ण आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांत, लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, म्हणजे ख्रिस्तजन्माची कथा, मी एकदाही उघडला नव्हता. म्हणून हा धागा. उपदेश नको, आपल्या घरात प्रत्यक्ष काय केले आणि ते जमले की फसले, एवढेच लिहावे.

वसईहून, एक गृहिणी:
नाताळच्या गोठ्यापुढची (येशूजन्माच्या देखाव्यापुढची) हिरवळ विकत आणायची नाही, असा आमच्या सासूबाईंचा दंडक आहे. पसरट ताटांत माती घालून नाचणी पेरायची आणि रोज पाण्याचा हलका हबका मारायचा, म्हणजे नाताळपर्यंत कोवळी रोपे बोटभर उंच होतात. एके वर्षी आम्ही गोठ्यांच्या स्पर्धेत उतरलो आणि सगळे बिघडले. वाहता धबधबा झाला, फिरणारी पवनचक्की झाली, थर्माकोलचे डोंगर झाले, परीक्षक येऊन गेल्यावर माझ्या सहा वर्षांच्या मुलीने विचारले, "बाळ येशू कुठे आहे?" मूर्ती कपाटातच राहिली होती. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे गोठा मांडला तेव्हा गव्हाणी, पेंढा, बैल आणि गाढव एवढेच पुरले होते, हे मला त्यानंतर वाचायला मिळाले.

आता आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आम्ही रिकामी गव्हाणी मांडतो आणि शेजारी पेंढ्याची जुडी ठेवतो. कोणासाठी काही चांगले केले की एक काडी गव्हाणीत टाकायची. कशाबद्दल टाकली, हे कोणी विचारायचे नाही. गेल्या वर्षी घरात जमिनीवरून दोन भावांचे बोलणे बंद होते. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघण्यापूर्वी बाळ ठेवले, तेव्हा पेंढा इतका थोडा होता की मूर्ती लाकडावरच टेकली. सासूबाईंनी ती तशीच राहू दिली.

तारकर्लीहून, होमस्टे चालवणारे:
नाताळचा आठवडा हा आमचा भर हंगाम असतो आणि दिवसभर फोनवर मी "खोली शिल्लक नाही" एवढेच सांगत असतो. त्यामुळे मरीया आणि योसेफ यांना उतारशाळेत (धर्मशाळेत) जागा नव्हती हे वाचन सुरू झाले की माझी मान आपोआप खाली जाते. (शुभवर्तमानात त्या उतारशाळेच्या मालकाचा उल्लेखही नाही, त्याला नाताळच्या नाटकांत आपणच उभे केले आहे, पण माझ्या मनातून तो जात नाही.) पूर्वी २४ तारखेला रात्री अकरापर्यंत सुरमई तळत असल्याने आम्ही नवराबायको आळीपाळीने मिस्सेला जात होतो. आता त्या रात्री आठ वाजता स्वयंपाकघर बंद होते आणि हे बुकिंग घेतानाच सांगितले जाते. पहिल्या वर्षी दोन कुटुंबांनी आगाऊ दिलेले पैसे परत मागितले, आणि ते देताना मला बरे वाटले, असे म्हणणे खोटे ठरेल.

पुण्याहून, प्रसूतिकक्षातील परिचारिका:
गेल्या पाच वर्षांत तीन नाताळ माझी रात्रपाळी होती. लूक दोनमधील पहिली वीस वचने मोठ्याने वाचायला चार मिनिटे पुरतात, म्हणून चहाच्या सुट्टीत मी ती वाचते. मरीयेने बाळाला बाळंत्याने गुंडाळले, हे वाक्य वाचून पुन्हा कामाला लागते, तेव्हा हातात तेच काम असते.

अहिल्यानगरहून, गायनमंडळाचे सदस्य:
धांदल वाईट, असे मला सरसकट मान्य नाही. पेटी, तबला आणि टाळ घेऊन रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने गात रात्री दहापर्यंत घरोघरी फिरणे, हीसुद्धा धांदलच आहे. आमची चूक वेगळी होती. बावीस घरे उरकायची म्हणून प्रत्येक घरी एकच कडवे गाऊन चहा घ्यायचा आणि निघायचे, अशी सवय लागली होती. दोन वर्षांपासून घरांची संख्या चौदावर आणली असून शेवटचे घर ठरलेले असते: त्या वर्षी जिथे मृत्यू झाला आहे ते. तिथे चहा घ्यायचा नाही, खाली सतरंजीवर बसायचे आणि सगळी कडवी गायची. गेल्या डिसेंबरात अशाच एका घरी पत्नी गमावलेले काका सुरुवातीला दारातच उभे होते. तिसऱ्या कडव्याला ते आत आले आणि माझ्या शेजाऱ्याच्या हातातले टाळ त्यांनी मागून घेतले.