पावसाळ्यात एअर रायफलचा सिलिंडर रात्रीत उतरतो. दुकानदार हात वर करतोय, काय करू?

म्हापशाची आई

नमस्कार. लेक दहावीला आहे, तीन वर्षं १० मीटर एअर रायफल खेळते. मागच्या दिवाळीत तिला वापरलेली जर्मन मॅच रायफल घेऊन दिली. आमच्या घराला ती खरेदी मोठीच होती. मेपर्यंत काही तक्रार नव्हती. जूनचा पाऊस लागला आणि ज्या दाबाच्या हवेवर गोळी सुटते तिचा सिलिंडर उतरायला लागला. संध्याकाळी काटा २००वर असतो, सकाळी क्लबला निघताना बघावं तर १५०. काल १३०.

जिथून घेतली ते दुकान गोव्याबाहेरचं. पहिल्या फोनला म्हणाले, पाठवून द्या. आठवड्याने म्हणाले, कुरिअरवाला सिलिंडर घेत नसेल तर आम्ही काय करणार. आता फोनच उचलत नाहीत. घेताना मात्र दिवसातून तीनदा त्यांचाच फोन यायचा.

चवथीनंतर स्पर्धा आहेत. पोर रोज माझ्या तोंडाकडे बघते. गोव्यात कुणी हे काम करतं का? की घरी काही करता येतं? आणि विक्रेत्याकडून आपण नेमकी कसली अपेक्षा ठेवायची असते, हेही मला कळत नाही.

फोंडेकर आर्मरर

ताई, घाबरू नका. रात्रीत पन्नास बार (बार म्हणजे तुमच्या काट्यावरचं दाबाचं माप) जातात म्हणजे एका ठरावीक जागी गळतंय. ती जागा शोधायला दुकान लागत नाही, एक रात्र लागते.

आज सिलिंडर रायफलवरून सोडवा. सोडवताना किंचित फस्स होईल, ते चालतं. काट्याचा आकडा कागदावर लिहा आणि सिलिंडर वेगळा ठेवून द्या. सकाळी आकडा तोच असला तर सिलिंडर चांगला आहे, गळती रायफलीत आहे. बहुतेक वेळा जिथे सिलिंडर आट्यांवर बसतो तिथल्या ओ-रिंगमध्ये, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीत. आकडा उतरला असला तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा. पहिलं काम तुमच्या हातचं आहे. दुसरं नाही, आणि तिथे कुणी कितीही सांगितलं तरी पाना लावायचा नाही. मोटारीच्या टायरात सव्वादोन बार हवा असते, तुमच्या सिलिंडरात तिच्या जवळजवळ नव्वदपट दाब आहे.

आकडा सकाळी आणि रात्री त्याच खोलीत बघा. ३५ अंशांच्या उन्हातून आणलेला २०० बारचा सिलिंडर २४ अंशांच्या एसीत ठेवला की नुसत्या थंडाव्याने १९३पर्यंत येतो. ती गळती नव्हे. घाईने भरला तरी असंच होतं, हवा भरताना तापते आणि निवली की काटा खाली येतो. म्हणून भरणाऱ्याला सावकाश भरायला सांगायचं.

आता रिंगबद्दल. ती काढायला सुई किंवा टोकदार काही वापरू नका, लाकडी दातकोरणं घ्या. रिंग पांढऱ्या बशीत ठेवा आणि टॉर्च तिरका धरून बोटाने फिरवत बघा. चीर असली तर दिसेल, चपटी झाली असली तर कडेवर प्रकाश सपाट पडेल. नवी बसवताना तिला नखभर सिलिकॉन ग्रीस बोटाने लावा. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, डब्ल्यूडी-४० यांतलं काहीही तिथे नको. दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. ही गोष्ट मुलीलाही समजावून सांगा, कारण क्लबात एकमेकांचं बघून पोरं तेल घालतात.

मी नौदलात बावीस वर्षं शस्त्रांच्या देखभालीवर होतो आणि निवृत्तीनंतर क्लबच्या रायफली बघतो. माझ्या अनुभवात गोव्यात गोळ्यांपेक्षा दमट हवेने जास्त रायफली बिघडल्या. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. अशा दिवसांत रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवणं सगळ्यात वाईट. फोम ओल शोषतो आणि नळीला रात्रभर ओली चादर गुंडाळल्यासारखं होतं. सरावाहून आल्यावर पेटी उघडी ठेवा, रायफल बाहेर काढून गालाजवळचा आणि हाताचा घाम कोरड्या फडक्याने पुसा, मग नळीच्या बाहेरून तेलाचं पुसटसं फडकं. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की भाजून परत वापरा. शिशाच्या गोळ्यांचा डबाही घट्ट बंद हवा, ओल लागली की त्यांवर पांढरी भुकटी धरते आणि तसल्या गोळीने नेम धरणं व्यर्थ. ती भुकटी विषारी आहे, हात धुतल्याशिवाय पोरीला खाऊ देऊ नका.

सिलिंडर पूर्ण रिकामा करून ठेवू नका. थोडी हवा आत राहिली की सील जागेवर बसून राहतात आणि बाहेरची ओल आत शिरत नाही.

विक्रेत्याबद्दल मला तिडीक येते म्हणून सविस्तर लिहितो. चांगली सर्व्हिस म्हणजे गोड बोलणं नव्हे. पुण्यात एक कारागीर आहेत, त्यांना मी कधी भेटलेलो नाही. एकदा क्लबच्या रायफलीची रिंग गेली म्हणून फोन केला. त्यांनी पैशाचं काही विचारलं नाही, विचारलं ते असं: "सिलिंडर वेगळा ठेवून बघितलात का? बारीक माप घ्यायला व्हर्निअर आहे का? नसेल तर रिंग पाच रुपयांच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो काढा." चौथ्या दिवशी पाकीट आलं. त्यात दोन रिंगा, एक वापरायची आणि एक राखीव, आणि बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. म्हणजे पुढच्या वेळी मला त्यांचीही गरज पडू नये, एवढा विचार त्या माणसाने केला. ज्याच्याकडे सुटे भाग नाहीत आणि जो आकडा विचारत नाही, त्याच्याकडून रायफल घेऊ नका. पुढच्या खरेदीच्या वेळी पैसे देण्याआधी एकच विचारा, "याची सील किट, म्हणजे सगळ्या रिंगांचा संच, आज तुमच्याकडे आहे का?"

वास्कोचा पाणबुडा

काकांचं बरोबर आहे. भरण्याबद्दल एक सांगतो. डायव्हिंगवाल्यांकडून भरून घेत असाल तर त्यांच्या कॉम्प्रेसरचा फिल्टर शेवटचा कधी बदलला ते विचारा. आम्ही त्याच हवेवर पाण्याखाली श्वास घेतो, त्यामुळे चांगला माणूस या प्रश्नाचा राग मानत नाही, उलट वही काढून दाखवतो. फिल्टर संपला की हवेबरोबर पाण्याची वाफ आत जाते, आणि ती तुमच्या रायफलीतल्या रेग्युलेटरपर्यंत, म्हणजे हवेचा दाब कायम ठेवणाऱ्या भागापर्यंत पोचते.

माशेलकर

मी पंधरा वर्षं ह्यूस्टनला होतो, तिथे क्लबात पिस्तूल खेळायचो आणि काडतुसं स्वतः भरायचो. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली काडतुसं बनवायला परवाना लागतो, त्यामुळे इथे कुणी त्या वाटेला जाऊ नये. सांगायचं ते वेगळंच. काडतूस भरायच्या प्रेसमध्ये जुन्या प्रायमरची (काडतुसाच्या बुडाच्या ठिणगीच्या टोपीची) काजळी खाली गळते आणि मधल्या दांड्यावर बसते. ती वाळूसारखी घासते. दर वेळी काम संपल्यावर दांडा पुसायचा आणि तेलाचा एक थेंब द्यायचा, एवढं केलं की प्रेस माणसाहून जास्त टिकतो. माझा प्रेस डिलन या अमेरिकन कंपनीचा होता. हौशी माणसाला ते आयुष्यभराची हमी देतात. एकदा माझ्या हातून स्प्रिंग उडून कपाटामागे गेली. फोन केला, पलीकडच्या बाईंनी फक्त पत्ता विचारला, स्प्रिंग फुकट आली. फोंडेकर काका म्हणतात तीच वृत्ती. यंत्र चालू राहणं हे त्यांनी आपलं काम मानलेलं आहे.

म्हापशाची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. वेगळ्या ठेवलेल्या सिलिंडरचा आकडा सकाळी जिथल्या तिथे होता. म्हणजे रायफलीतच. काकांनी सांगितलं तशी दातकोरण्याने रिंग काढली, पांढऱ्या बशीत ठेवली. लेकीनेच टॉर्च धरला आणि तिलाच आधी दिसली, नखाने खुडल्यासारखी बारीक चीर. रिंगेचं माप काकांना पाठवलं, त्यांनी क्लबातली राखीव रिंग मुलाच्या हाती पाठवून दिली आणि पैसे घेतले नाहीत. काल रात्री १९८वर ठेवला, आज सकाळी १९८.

एक शंका आहे. सिलिंडरवर २०१७ कोरलेलं आहे. ते काय?

फोंडेकर आर्मरर

ती बनवल्याची तारीख. स्पर्धेच्या नियमांत सिलिंडरला जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि मुदत बघण्याची जबाबदारी खेळाडूचीच. २०२७पर्यंत चालेल, पण नवा आतापासून बघायला घ्या. यायला महिने लागतात. आणि मुलीला सांगा, चिरलेली रिंग टाकू नको. बशीतून काढून काडेपेटीत ठेव, वर आजची तारीख लिही.