जुना डबल बेस घ्यायचाय: के एम-१ की बिनलेबलाचा जर्मन? (बजेट ३,००० डॉलर)

खर्जातला_सा
नमस्कार मंडळी. मुक्काम शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात. बास गिटारवरून उभ्या डबल बेसवर यायचंय. सत्तर टक्के बोटांनी (जॅझ, थोडं ब्लूग्रास), तीस टक्के गजाने. बजेट ३,००० डॉलर, दुरुस्ती आणि तारा धरून. त्यावर एक डॉलर नाही.

दोन वाद्यं समोर आहेत:
१) के या अमेरिकन कंपनीचा एम-१, १९५२ चा, प्लायचा. सांगतात ३,२००, येईल २,८०० ला. नेकच्या टाचेला (पोटाला जोडलेल्या टोकाला) जुनी दुरुस्ती आहे.
२) लेबल नसलेला जर्मन, १९०० च्या आगेमागचा असावा. सॉलिड लाकूड, सपाट पाठ. २,४००. वरच्या फळीला तीन चिरा, चिकटवलेल्या. आत कोपऱ्यांना ठोकळे नाहीत.

कुठला घ्यावा? आणि बघायला गेल्यावर काय काय तपासू?

जर्सीचा_नाना
तीन हजारात डबल बेस? अहो, तीन हजारात बरा गज येतो. ८,००० पर्यंत ताणा आणि युझेक लेबलचा जुना बेस घ्या. माझ्याकडे आहे, गजावरचा ई ऐकलात तर के नावाचं खोकं विसराल. प्लाय म्हणजे शेवटी प्लायच.

एल्कग्रोव्हकर
नाना, त्यांनी बजेट लिहिलंय. आणि युझेकचं कौतुक जपून करा. लेबलवर प्राग छापलेलं, वाद्य बनलेलं शोनबाखच्या आसपास. महायुद्धानंतरची तर पश्चिम जर्मनीतून आली. स्वस्त मालात बेसबार (वरच्या फळीला आतून आधार देणारी लांब पट्टी) वेगळा लावलेलाही नसतो, वरची फळी कोरतानाच तेवढा भाग उंच ठेवून देतात. वरून कीर्तन, आतून तमाशा.

केचं म्हणाल तर १९३७ पासून ६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत त्यांनी बेस बनवले, पुढे हा धंदा एंगलहार्टकडे गेला. ब्लूग्रासला याच्याइतका सोयीचा बेस नाही. ठोका मोठा, सूर लवकर विझतो, त्यामुळे बँजो-मेंडोलिनच्या गर्दीत चिखल होत नाही. डोळे झाकून क्रमांक १.

जर्सीचा_नाना
माझ्यातला बार वेगळा लावलेला आहे. आरसा घालून बघितलाय.

सरसवाला
डोळे झाकून काहीही घेऊ नका. जुन्या बेसची किंमत म्हणजे मागितलेली रक्कम अधिक दुरुस्ती. आधी के कसा तपासायचा ते सांगतो. सोबत छोटा टॉर्च, लांब दांड्याचा आरसा, स्टीलची पट्टी, व्हिजिटिंग कार्ड आणि एक लोहचुंबक न्या.

टाच. केचं दुखणं बहुतेक इथेच असतं. चारही तारा सुरात असताना नेकवर एकूण १२० किलोच्या आसपास ताण असतो आणि टाचेत लाकडाचे धागे आखूड, तुटायला सोपे. तारा चढवलेल्या असतानाच नेक आणि पाठीच्या सांध्यात कार्डाचा कोपरा घालून बघा. आत सरकला तर सांधा उघडलाय. मग टाचेवरून चुंबक फिरवा. चिकटला तर पुट्टीखाली लोखंडी स्क्रू दडलाय. स्क्रूने काही महिने भागतं, नंतर आतला ठोकळाच फाटतो. तुटलेली टाच नीट बसवून लाकडी डॉवेल (गोल खुंटी) घातलेला असेल तर ती दुरुस्ती पक्की.

घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती. वरच्या फळीपासून घोडीच्या माथ्यापर्यंत साधारण १५ ते १७ सेंटिमीटर हवेत. १३ च्या खाली असेल तर नेक पुढे झुकलाय किंवा फळी दबलीय, आणि कुणीतरी घोडी कापून तारा खाली आणल्यात. वाजवायला मऊ लागेल, आवाज मेलेला असेल. नेक पुन्हा बसवायचा (नेक-सेट) तर साधारण ८०० ते १,५०० डॉलर.

फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं दाबायची पट्टी. ई तार (सगळ्यात जाड) दोन्ही टोकांना दाबा, मध्ये दोनेक मिलिमीटर फट दिसली तर छान. फट अजिबात नसेल किंवा पट्टीला लाटा असतील तर रंधा मारावा लागतो, ३०० ते ४००. पट्टी आधीच पातळ झालेली असेल तर नवी, एबनी लाकडाची, हजाराच्या पुढे.

कडा. बोटाच्या पेराने सगळी कड ठोकत जा. जिथे ‘टक’ ऐवजी ‘फट’ येतं तिथे सांधा सुटलाय किंवा प्लायचे थर वेगळे झालेत. सुटलेला सांधा किरकोळ काम, सरस त्यासाठीच असतो, फळी फाटण्याआधी तो सुटतो. थर सुटणं मात्र चिवट, आवाजात खरखर येत राहते.

शेवटी प्रत्येक तारेवर अर्ध्या-अर्ध्या सुराने वर जात गज ओढा. एकाच सुरावर झणझणला तर बेसबार किंवा मशीनचा (तारा ताणायच्या चाव्यांचा) सैल स्क्रू. स्क्रू आधी बघा, बारला नंतर दोष द्या.

पुणेरी_स्पष्टवक्ता
बास गिटार आहे म्हणता. मग हा हत्ती कशाला पोसायचा? इलेक्ट्रिक अपराइट घ्या, गाडीत मावतो, चिरत नाही.

एल्कग्रोव्हकर
टाचेतला बोल्ट नेहमीच वाईट नसतो. मधोमध, ठोकळ्यातून आरपार, वॉशर लावून घातलेला बोल्ट वर्षानुवर्षं टिकतो.

सरसवाला
टाच आधी सरसाने नीट जोडून मग बोल्ट घातला असेल तर टिकतो. तुटलेल्या टाचेवर नुसता बोल्ट आवळला असेल तर नाही. बाहेरून फरक कळत नाही, म्हणून चुंबक चिकटला की किमतीतून नेक-सेटचे पैसे वजा करून बोला.

तारतम्य
तारांचं कुणी बोलतच नाही. दुकानात चढवलेल्या तारांवरून बेसची परीक्षा करू नका, जुन्या मेलेल्या तारांवर सगळेच बेस पुठ्ठ्यासारखे वाजतात. केवर स्पायरोकोअर मिटेल, म्हणजे मध्यम ताणाची तार, बिनधास्त लावा. बोटांनी वाजवायला राजा, गजाला थोडी खरखरीत, पण वर्षानुवर्षं टिकते. शंभर वर्षं जुन्या फळीवर मिटेल नको, वाइख किंवा दुसरा हलका संच. गजही हवाय म्हणता, तर हेलिकोअर हायब्रिड दोन्हीकडे चालून जातो.

‘जी’ तार (सगळ्यात बारीक) फिंगरबोर्डाच्या टोकाला पट्टीपासून ६ ते ८ मिलिमीटर, ई १० ते १२. यापेक्षा खाली मागू नका, गज पट्टीला घासेल. घोडीला ॲडजस्टर बसवून घ्या, उन्हाळा-हिवाळ्यात उंची फिरवता येते.

मडगावकार
खालचा सॅडल (तारा बांधलेल्या टेलपीसची दोरी ज्या कडेच्या तुकड्यावरून जाते तो) उंच करून घेणे हाही जुन्या फळीसाठी चांगला इलाज. तारांचा घोडीवरचा कोन कमी होतो, म्हणजे फळीवरचा दाबही कमी.

पुढेमागे भारतात न्यायचा विचार असला तर फिंगरबोर्ड कुठल्या लाकडाचा ते आत्ताच बघा. जुन्या अमेरिकन वाद्यांवर रोझवूड असते. ते ब्राझिलियन निघाले तर १९९२ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापार कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, कागदाशिवाय सीमा ओलांडता येत नाही. एबनी असल्यास ही कटकट नाही. मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत आमच्या गोंयकारांनी जे डबल बेस वाजवले त्यांना पावसाळ्यातल्या दमट हवेचा त्रास, सरस मऊ पडायचा. तुमच्याकडे उलटे आहे.

पुणेरी_स्पष्टवक्ता
घोडी म्हणा, ब्रिज म्हणा, पण मग आत फळी आणि पाठीमध्ये उभ्या असलेल्या साउंडपोस्टला काय म्हणणार? खुंट?

सरसवाला
मडगावकारांचा मुद्दा महत्त्वाचा, कारण आता क्रमांक २. शिकागोत हिवाळ्यात हीटर चालू असताना घरातली आर्द्रता १५-२० टक्क्यांपर्यंत उतरते. प्लायमध्ये थर आडवे-उभे असल्याने लाकूड फारसं हलत नाही. सॉलिड फळी रुंदीत आकसते. त्यातून सपाट पाठ. पाठीला आतून आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या लांबीत आकसत नाहीत, पाठ मात्र रुंदीत आकसते. मग पट्टी सुटते किंवा पाठ फाटते. एफ-होलमधून (वरच्या फळीतल्या एफ आकाराच्या भोकातून) टॉर्च मारा, पट्टीच्या टोकाखाली काळी रेघ दिसली तर ती सुटलीय.

चिरा नुसत्या मोजू नका, कुठे आहेत ते बघा. कडेची चीर म्हणजे खरचटणं. बेसबारलगत लांब चीर असेल तर विचार करा. घोडीच्या ‘जी’ तारेकडच्या पायाखालून, म्हणजे साउंडपोस्टच्या डोक्यावरून गेली असेल तर नमस्कार करून निघा. तिथे आतून लाकडाचं ठिगळ बसवावं लागतं, फळी उघडावी लागते, ते हजाराच्या खाली होत नाही. नाकापेक्षा मोती जड. पाठीला पोस्टखाली चीर असेल तर त्याहून वाईट.

ठोकळे नाहीत म्हणून घाबरू नका, सॅक्सनीकडच्या व्यापारी मालात ही पद्धत होती. त्यातले कित्येक छान वाजतात. फक्त कोपऱ्यांत बाजूच्या पट्ट्या एकमेकींपासून सुटल्यात का ते बघा, त्यांना मागून आधार नसतो.

या बजेटमध्ये आणि त्या हवेत माझं मत क्रमांक १.

जर्सीचा_नाना
क्रमांक २ नकोच. सॉलिड घ्यायचा तर चांगला घ्यावा, ८,००० च्या पुढे.

तारतम्य
क्रमांक १. आणि मशीन नीट फिरतात का ते बघा, चार सुटी मशीन बदलायची तर वेगळा खर्च.

एल्कग्रोव्हकर
मी पहिल्यापासून हेच म्हणतोय. केचा सिरियल नंबर एफ-होलमधून आत दिसतो, तो वर्षाशी जुळवून घ्या. स्क्रोलचे (नेकच्या माथ्यावरच्या गुंडाळीचे) ‘कान’ तुटलेले असतील तर शंभरेक डॉलर कमी करायला सांगा.

खर्जातला_सा
काल दोन्ही बघून आलो. सगळ्यांचे आभार, सरसवाल्यांचे विशेष.

के: कार्ड सरकलं नाही, चुंबक चिकटला नाही, टाचेत डॉवेलचा गोल स्पष्ट दिसतो. घोडी १६ सेंटिमीटर. कड सगळीकडे टक. फिंगरबोर्ड रोझवूड, सरळ. २,७०० ला द्यायला तयार होते.

जर्मन: पाठीच्या दोन पट्ट्यांची टोकं सुटलेली. एक चीर बेसबारलगत, आतून लाकडी टिकल्या लावलेल्या. पोस्टवर चीर नाही. एक कोपरा किंचित उघडा. मोकळी ए तार गजाने ओढली, गज उचलला तरी बेसची पाठ माझ्या बरगडीला लागून थरथरत होती.

जर्मन घेतला. २,०५०. पट्ट्या, कोपरा, उंच सॅडल आणि पोस्ट नव्याने बसवणं मिळून दुरुस्तीवाल्याने ६५० सांगितले. वाइखचा संच वेगळा. खोलीसाठी ह्युमिडिफायर घरात होताच, आर्द्रतामापक आणलाय, आत्ता ३८ दाखवतोय.

पुणेरी_स्पष्टवक्ता
मग विचारलं कशाला?

सरसवाला
३८ कमी आहे, ४०-४५ ठेवा. आणि एफ-होलमधली ओली नळी लावून भागेल असं समजू नका, एवढ्या पोटाला ती पुरत नाही, खोलीच दमट ठेवा. पट्ट्या चिकटेपर्यंत तारा दोन सूर उतरवून ठेवा, पण पूर्ण सोडू नका, पोस्ट पडेल.

जर्सीचा_नाना
तो के अजून आहे का तिथे? असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.